सांगलीतल्या हौशी नाटकांचं जुनं दप्तर लोकांपुढं कसं आणावं?

तिसरी_घंटा (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी नाट्यसंस्थेचं (नाव टाकत नाही, इथले निम्मे लोक ओळखतीलच) सगळं दप्तर ज्या काकांच्या माळ्यावर होतं त्यांनी गावभागातलं घर रिकामं करायला घेतलंय, त्यामुळं लोखंडी ट्रंका आणि चादरीत बांधलेली गाठोडी आता माझ्या हॉलमध्ये येऊन पडलीत आणि बायको येताजाता विचारते की ह्याचं पुढं काय. आत बरंच काय काय आहे. हँडबिलं, निमंत्रणपत्रिका, तालमीच्या वह्या, प्रॉम्प्टिंगची पुस्तकं ज्यात अर्धेअधिक संवाद निळ्या पेन्सिलीनं उडवलेत, स्टुडिओत जाऊन काढलेले फोटो, कॅसेटी, प्रयोगाचे परवाने, आणि जमाखर्चाच्या वह्या.

संस्थेतली पोरं म्हणतात ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आहे, मोठे फ्लेक्स करून प्रदर्शन लावू. जुनी मंडळी म्हणतात स्मरणिका काढू. मला खरं सांगू का दोन्ही पटत नाही. फ्लेक्स आठवड्यात कुणाच्या तरी गोठ्यावर छप्पर म्हणून जातो, आणि स्मरणिकेत पहिली कितीतरी पानं शुभसंदेश, मग बँकेची जाहिरात, मग सोनाराची जाहिरात, मग अध्यक्षांचं मनोगत, नाटक शेवटी कुठंतरी.

आणि अजून एक दुखणं आहे. आपल्याकडं नाटकाचा इतिहास मांडायचा म्हटलं की १८४३, विष्णुदास भावे, सीतास्वयंवर, चिंतामणराव आप्पासाहेब, मग देवल, मग खाडिलकर, मग बालगंधर्वांचा एक शालूतला फोटो, की संपलं प्रदर्शन. ही माणसं मोठीच आहेत, त्यांच्यामुळंच तर सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, वाद नाही. पण त्यानंतर दिवसभर कचेरीत, पेढीवर, शाळेत काम करून रात्री नऊला तालमीला जमणारी जी शेकडो माणसं होऊन गेली ती कुठंच नाहीत. त्यांचं लोकांपुढं आणायचंय. काय दाखवावं, कुठं दाखवावं, आणि आधी ह्या कागदांचं काय करावं?

पायपेटी (मिरज)

सांगलीतल्या म्हणजे फक्त सांगलीतल्याच का? मधे एक गाव लागतं, मिरज म्हणून 🙂 बालगंधर्व किर्लोस्कर कंपनीत १९०५ ला पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. तुमच्या हौशी नाटकांच्या पेट्या नि ऑर्गन दुरुस्तीला कुठं यायचे तेही वह्यांत सापडेल बघा.

तिसरी_घंटा (सांगली)

@पायपेटी मिरजेला घेतल्याशिवाय कुठं जाणार दादा. वहीत "मिरज, पेटी दुरुस्ती, जाऊन येऊन" असं दर दोन पानांनी आहे.

कागदवेडी

आधी कागदांचं सांगते, प्रदर्शनाचं नंतर. हात लावायच्या आधी वाचा कृपया, हे लोक उत्साहात जे करतात त्यानं जास्त वाट लागते.

एक म्हणजे लॅमिनेशन अजिबात करू नका. आपल्याकडं जुनं काही सापडलं की पहिलं लॅमिनेट करून आणतात, ते परत निघत नाही आणि आतल्या आत कागद पिवळा पडत जातो. सेलोटेप पण नाही, फाटलेलं असेल तर फाटलेलंच राहू दे. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजलेल्या असतील त्या ओढून काढू नका, बोथट सुरी खाली सरकवून हळू उचला. गाठोड्याच्या चादरी बदला, त्यात किडे असतात. ज्या क्रमानं कागद निघतात त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण एका गाठोड्यात एका प्रयोगाचे कागद असण्याची शक्यता असते आणि तुम्ही "सगळे फोटो एकीकडं, सगळी हँडबिलं एकीकडं" असं लावून टाकलं की ती गाठ कायमची सुटली.

स्कॅनिंग: साधे कागद ३०० डीपीआय पुरे, फोटो ६०० ला करा, मूळ फाईल टिफमध्ये ठेवा आणि व्हॉट्सअपवर पाठवायला जेपीजी वेगळी. फाईलला नाव देताना वर्ष, नाटक, गाव. "आयएमजी-००३४" असली नावं ठेवली तर ट्रंकेतला गोंधळ कॉम्प्युटरमध्ये गेला एवढंच.

आणि कॅसेटी लगेच लावून बघायचा मोह आवरा. बुरशी आली असेल तर टेप तर जातेच पण प्लेअरचा हेडही खराब होतो. टेपवर पांढरे ठिपके दिसतायत का ते कॅसेटच्या खिडकीतून बघा आधी.

लै_भारी_तासगाव

कागदवेडी ताई तुम्ही म्हंजे डॉक्टरच की कागदांच्या 🙏

जुना_प्रॉम्प्टर (सांगली)

तिसरी घंटा, तुमचं दुखणं समजलं पण भाव्यांना इतक्या लवकर बाजूला सारू नका, तुमच्या प्रदर्शनाची खरी सुरुवात तिथंच आहे, फक्त आपण ती चुकीच्या टोकानं सांगतो. १८४२ ला कर्नाटकातून कर्कीची भागवत मंडळी सांगलीत आली, त्यांचा खेळ आप्पासाहेबांनी बघितला आणि भाव्यांना म्हणाले असलं काहीतरी आपल्या भाषेत करा. पुढच्या वर्षी सीतास्वयंवर झालं. आता ते केलं कुणी? तेव्हा धंदेवाईक मराठी नट होते कुठं. सांगलीतलीच पोरं गोळा करून, शिकवून उभी केली. म्हणजे पहिला प्रयोगच आजच्या भाषेत हौशी. तिकीट वगैरे नंतर आलं, आप्पासाहेब १८५१ ला गेले, राजाश्रय आटला, मग मंडळी गाठोडी बांधून गावोगाव निघाली आणि १८५३ ला मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून प्रयोग केले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या नाटकांना लिहिलेली संहिता नव्हती. पदं भाव्यांची, ती सूत्रधार म्हणायचा, आणि त्यातल्या प्रसंगाला धरून पात्रं आपापलं गद्य जागेवर बोलायची. राक्षस आले की अललडुर्र करत अर्धा रंगमंच हादरवायचे. पदं पुढं १८८५ मध्ये छापून आली म्हणून आपल्याला मिळतात. पण त्या रात्री सीतेचं काम करणारा मुलगा काय बोलला, रावण कुठं अडखळला, विदूषकानं काय कोटी केली, काही नाही. गेलं ते. म्हणजे मराठी नाटकाच्या पहिल्याच प्रयोगाचा अर्धा भाग कुणी टिपून ठेवला नाही म्हणून गेला, आणि तुमच्या ट्रंकेतल्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा म्हणजे नेमका तोच अर्धा भाग आहे जो सहसा जातो. छापील पुस्तक कुठंही मिळेल हो. कुठला संवाद उडवला, का उडवला, हे फक्त तुमच्याकडं आहे.

तिसरी_घंटा (सांगली)

@जुना_प्रॉम्प्टर अण्णा हे डोक्यातच आलं नव्हतं. एका पुस्तकात समासात लिहिलंय "इथे पडदा अडकतो, सावकाश बोलणे" 😄

अजिंक्यतारा_सात (सातारा)

वाचतोय. पण सांगलीकरांनो जरा इकडं पण बघा. शाहूनगरवासी नाटक मंडळी कुठली? शाहूनगर म्हणजे आमचा सातारा. गणपतराव जोशींचा हॅम्लेट महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला तो ह्याच कंपनीचा, आणि ते भाषांतर केलं आगरकरांनी, विकारविलसित, १८८३ चं पुस्तक. आगरकर टेंभूचे, कराड तालुका. एवढं सगळं असून नाट्यपंढरी म्हणून फक्त तुमच्याच गावाचा बोर्ड.

पायपेटी (मिरज)

झालं, आता कंदी पेढे विरुद्ध भडंग सुरू होणार.

अजिंक्यतारा_सात (सातारा)

नाही हो भांडत नाही. सांगायचं एवढंच की कंपनी नाटकांचं निदान नाव तरी राहिलं. साताऱ्यात शाहू कला मंदिरात ज्यांनी वर्षानुवर्षं हौसेनं नाटकं केली त्यांचं सांगलीइतकंच हाल आहे, फोटो कुणाच्यातरी भिंतीवर, ती भिंत रंगवली की फोटो माळ्यावर. तुम्ही जे कराल त्याची पद्धत लिहून ठेवा, आम्ही इकडं तशीच करू.

लै_भारी_तासगाव

आता माझं पण ऐका की जरा. हौशी नाटक म्हंजे काय फक्त नाट्यगृहातलं व्हय? आमच्याकडं गावाच्या जत्रंत नाटक व्हायचं, देवळाम्होरं. गाड्या जोडायच्या, बल्ल्या लावून स्टेज, मिरजेकडनं पडदे भाड्यानं, एक राजवाडा एक जंगल एक रस्ता, तेवढ्यात समदी नाटकं बसायची. पाटलाचा पोरगा हिरो कारण वर्गणी त्याची जास्त. नट्या बाहेरनं बोलवायच्या, त्या दुपारच्या एसटीनं यायच्या, एक तालीम करायच्या आणि रात्री आमच्या हिरोला सगळा पार्ट विसरला तरी सांभाळून न्यायच्या. पहाटंपर्यंत चालायचं. शिट्टी वाजवून वन्समोर घ्यायचं, मग तोच सीन परत, तलवार परत म्यानात घालून परत उपसायची. माझ्या आज्ज्याला गावात मरेपर्यंत लोक त्याच्या पार्टाच्या नावानंच हाक मारत हुते, खरं नाव रेशन कार्डावरच. ह्याचं कागद कुठाय? हँडबिल पण नसायचं, दवंडी असायची. मग आमी इतिहासात नाही का काय?

विंगेतून_बघणारा (इस्लामपूर)

+१. वन्समोरचं अगदी खरं 😂 आमच्याकडं मेलेला माणूस उठून परत मेला होता.

जुना_प्रॉम्प्टर (सांगली)

तासगावकर, तुमचा मुद्दा मी मान्यच करतो, आणि कागद नसेल तर माणूस आहे तोवर त्याला बोलतं करा. पण एक युक्ती सांगतो, मुलाखतीला गेलात की "तुमचा नाट्यप्रवास सांगा" म्हणू नका, लगेच भाषण सुरू होतं, रंगदेवता वगैरे. विचारायचं की दाढी कशानं चिकटवायचा, गॅसबत्तीत हवा कोण मारायचं, नटी आली नाही तर काय केलं, पावसानं प्रयोग मोडला तेव्हा वर्गणीचं काय झालं. एकेक गोष्ट अशी सुटत येते की थांबवावं लागतं. आणि दोघांना एकत्र बसवा. एकटा माणूस सगळ्या प्रयोगात स्वतःच नायक असतो, शेजारी दुसरा बसला की "गप रे, तू तेव्हा पडदा ओढत होतास" असं निघतं.

तिसरी_घंटा (सांगली)

आज जमाखर्चाच्या वह्या उघडल्या आणि बाकी सगळं बाजूला राहिलं. लिहितोच.

फोटोत सगळे छातीवर हात बांधून एका ओळीत उभे असतात, त्यावरून काही कळत नाही. पण वहीत बघा. काही वर्षं दर प्रयोगाला "गॅसबत्त्या भाडे" आणि "मेंटल" (बत्तीची जाळी) आहे, मग एका पानानंतर ते कायमचं नाहीसं होतं आणि "वायरमनला चहापाणी" सुरू होतं. म्हणजे वीज आली कधी ते महावितरणला विचारायची गरज नाही. "दाढीमिशा व डिंक." "पडदे उतरवणे हमाली." "नारळ, उदबत्ती, नटराजपूजन." "तबलजी आले नाहीत, दुसरे आणले, ज्यादा." भडंग आणि चहाचा खर्च तालमीत किती लोक येत होते त्याप्रमाणं चढतो उतरतो, आणि प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात एकदम दुप्पट, म्हणजे तेव्हा बघे वाढत असणार. एका ठिकाणी "पिस्तूल (खेळण्यातले)" आणि खाली वेगळ्या अक्षरात "वाजले नाही".

आणि करमणूक कर. हा १९२३ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात लागला, पण मदतीचा प्रयोग असेल तर माफी मिळायची. त्यामुळं आमच्या संस्थेचे बरेच प्रयोग कुठल्या ना कुठल्या शाळेच्या इमारत फंडासाठी आहेत. पावत्या जोडलेल्या आहेत, शाळांची आभाराची पत्रं आहेत. सांगलीत आणि आजूबाजूच्या गावांत आज ज्या शाळांच्या खोल्या उभ्या आहेत त्यातल्या काही नाटकाच्या तिकिटांवर बांधल्यात, आणि त्या शाळेत शिकलेल्यांना हे माहीतसुद्धा नाही. मला वाटतं प्रदर्शन नाट्यगृहाच्या पॅसेजमध्ये नको, त्या शाळांमध्येच लावावं.

कागदवेडी

हे मस्त आहे!! त्या खोलीच्या दारावरच पावती लावायची (मूळ नाही, प्रत).

विंगेतून_बघणारा (इस्लामपूर)

परवान्याच्या कागदांवर पण लिहा की. लोकांना वाटतं नाटक लिहिलं की केलं. संहिता सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवायची, त्यांचं प्रमाणपत्र यायचं, मग प्रयोग. मुळात इंग्रजांनी १८७६ ला नाटकांवर कायदाच केला होता, आणि आपल्या खाडिलकरांचं कीचकवध १९०७ ला आलं आणि १९१० ला बंदी. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मजा अशी की ज्यांनी नाटकं अडवली त्यांच्याच फायलींत नाटकांची नोंद सगळ्यात नीट राहते.

नाव_नको_माझं

मी इथं फक्त वाचते, लिहीत नाही, पण एक सांगायचंय. माझी आई कामगार कल्याण केंद्राच्या नाट्यस्पर्धेत काम करायची लग्नाआधी. बक्षीसही होतं तिला. लग्न झाल्यावर सासरी कळू दिलं नाही आणि फोटोतून स्वतःला कापून टाकलं, आमच्याकडं त्या फोटोत मधे भोक आहे. आता ती नाही. तुमच्या ट्रंकेत अशा बायकांचे फोटो असतील. तुम्ही ते शाळेत नि नेटवर लावाल, कुणाच्यातरी घरी आजही ते माहीत नसेल. विचारल्याशिवाय लावू नका.

बत्तीवाला_बाबू

ताई तुमचं दुःख समजतं, पण मग परत तेच होणार ना, पुरुषांची नावं लागणार आणि बायका गायब. आधी समाजानं कापलं, आता आपण कापायचं. मी म्हणतो लावा. त्यांनी काही चूक केली नव्हती.

नाव_नको_माझं

तिनं कापलं होतं. समाजानं नाही, कात्री तिच्या हातात होती. ती का होती ते मला माहीत आहे, पण म्हणून तो फोटो तुमचा होत नाही.

बत्तीवाला_बाबू

बरोबर. मागे घेतो "लावाच" असं नाही म्हणत. पण नोंद राहायला पाहिजे एवढंच.

तिसरी_घंटा (सांगली)

ह्यावर आमच्याकडं काय दिसतं ते सांगतो. जुन्या हँडबिलात पुरुषांची नावं आडनावासकट, हुद्द्यासकट, बी.ए. असेल तर बी.ए. सकट. बायकांचं "स्त्री भूमिकेत सुप्रसिद्ध अभिनेत्री". कोण ते नाही. वहीत "बाई, बिदागी" आणि "बाईंबरोबरच्या मावशी, जेवण". बस्स. ज्या बाईनं आमच्या हिरोला सांभाळून नेलं (तासगावकर म्हणतात तसं) तिचं नाव आम्हाला आमच्याच दप्तरात सापडत नाहीये.

पायपेटी (मिरज)

आणि हे त्या मुलखात जिथं हिराबाई बडोदेकर जन्मल्या. १९०५, मिरज. त्यांनी बहिणींना घेऊन स्वतः नाटकं काढली, बायकांची कामं बायकांनीच करायची म्हणून, जेव्हा घरंदाज लोक नाकं मुरडत होते. त्यांचं नाव राहिलं कारण गाणं रेकॉर्डवर होतं. गद्य नट्यांचं काय राहणार.

कागदवेडी

दोन याद्या ठेवा असं सुचवते. एक आतली, त्यात जे कळेल ते सगळं, नाव, गाव, कुणी सांगितलं, कधी सांगितलं. ही उघडी नाही. दुसरी लोकांसाठी, त्यात स्वतःची किंवा घरच्यांची लेखी हो असेल तरच नाव, नाहीतर नाटक आणि भूमिकेचं नाव. पुढं कुणी विचारायला आलं की "हो, त्या माझ्या आजी" तर आतल्या यादीतून बाहेर आणता येतं. उलटं करता येत नाही, एकदा नेटवर गेलं की गेलं.

नाव_नको_माझं

हे चालेल. आईचं नाव मी तुम्हाला मेसेज करते, आतल्या यादीसाठी.

कोर्टाजवळ_राहतो

कायद्याचं थोडं. (मी वकील आहे पण हा फुकटचा सल्ला आहे, त्या मानानं घ्या.) नाटककाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. देवल १९१६ ला गेले, खाडिलकर १९४८ ला, तेव्हा त्यांची नाटकं मोकळी आहेत, बिनधास्त टाका. पण तुमच्याच संस्थेतल्या कुणी लिहिलेलं नाटक, आणि ते अलीकडं वारले असतील, तर ती वही तुमच्या ट्रंकेत आहे म्हणून मजकूर तुमचा नाही, वारसांची सही घ्या. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक सहसा पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर, म्हणून ती स्टुडिओची पावती वहीत असेल तर जपून ठेवा. कॅसेटीवर नटांचा स्वतःचा हक्क असतो, ५० वर्षं. म्हणजे हयात असतील त्यांना विचाराच, फोन करा, खूश होतात.

लै_भारी_तासगाव

सही घ्यायला गेल्यावर चहा प्यावाच लागतो, वेळ काढून जा

तिसरी_घंटा (सांगली)

एक फोटो टाकतोय, कुणाला ओळखता येतो का बघा. मागं काही लिहिलेलं नाही, फक्त पेन्सिलीनं "अंक २". नऊवारीतला एक पोरगा, खाली मान. शेजारी एक म्हातारा भरजरी अंगरख्यात, केस काळेकुट्ट आणि काठी मागं लपवून धरलीय. एक भटजी हात चोळत. कडेला विंगेत चुकून एक माणूस दिसतोय, शर्ट पँट, आणि त्याच्या डोक्यावर ट्यूबलाईट.

विंगेतून_बघणारा (इस्लामपूर)

ऐतिहासिक असेल काहीतरी?

जुना_प्रॉम्प्टर (सांगली)

अहो, देवलांची शारदा! केसाला कलप लावलेला म्हातारा, हा भुजंगनाथ. तरुण दिसायला काठी लपवलीय, हे नटानं स्वतः घातलंय, पुस्तकात मला तरी आठवत नाही, पण काय नेमकं घातलंय. हात चोळणारा भद्रेश्वर दीक्षित, लग्न जुळवणारा. देवल हरिपूरचे, आणि हरिपुरापासून सांगलीपर्यंत हे नाटक १८९९ पासून किती वेळा झालं असेल ह्याची गणती नाही, त्यामुळं वर्ष सांगणं अवघड, पण ट्यूबलाईट आहे म्हणजे फार जुना नाही, आणि पोरगा नऊवारीत आहे म्हणजे तेव्हाही तुमच्या संस्थेत बाई मिळालेली नाही किंवा परवडलेली नाही. वहीत त्या सुमाराला "बाई, बिदागी" नसलेला एखादा शारदाचा प्रयोग सापडतोय का बघा, तोच हा.

तिसरी_घंटा (सांगली)

सापडला!!! "बाई" नाही, "लुगडे धुणावळ" आहे. अण्णा दंडवत.

बत्तीवाला_बाबू

विंगेतला तो शर्टपँटवाला लाईटवाला असणार. आमचा एकतरी फोटो आला इतिहासात, तोही चुकून.

अजिंक्यतारा_सात (सातारा)

हे असंच करा ना सगळं. प्रदर्शनात फोटोखाली नाव लिहून मोकळं होऊ नका, अर्धे फोटो बिननावाचे लावा आणि खाली कोरी चिठ्ठी नि पेन बांधून ठेवा. म्हातारी माणसं येऊन लिहितील. आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर लावा, मध्यंतरात चहाच्या रांगेत उभे असलेले सगळे नाटकवालेच असतात.

तिसरी_घंटा (सांगली)

मस्त. शाळा आणि स्पर्धा, दोन्हीकडं. आणि पोरांच्या डोक्यातून अजून एक निघालंय, जमाखर्चाची वही स्टेजवर नुसती वाचायची. एक जण खजिनदार, एक सेक्रेटरी, नोंद वाचली की तो प्रसंग दोन मिनिटांत करून दाखवायचा. पिस्तूल वाजले नाही वगैरे. मला आधी वाटलं पोरकटपणा, पण तालीम बघितली, बरं जमतंय.

विंगेतून_बघणारा (इस्लामपूर)

ह्याची संहिता पण मंडळाकडं पाठवा बरं का, प्रमाणपत्र घ्या 😄

कागदवेडी

एक राहिलंच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. २०१९ चा महापूर. नगर वाचनालयात पाणी शिरलं तेव्हा पुस्तकांचा नुसता लगदा बाहेर काढलाय लोकांनी, बघवत नव्हतं. आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली होती कृष्णा, २०२१ ला परत आली. गावभागातल्या माळ्यावर ह्या ट्रंका वाचल्या हे नशीब. आता मूळ कागद नदीपासून लांब ठेवा, विश्रामबागच्या बाजूला कुणाकडं तरी, तेही वरच्या मजल्यावर. स्कॅनची एक प्रत दुसऱ्या गावात. सातारकर ठेवतील का? आणि इंटरनेट आर्काइव्हवर पण चढवा, फुकट आहे. कधी भिजलेच फोटो तर एकमेकांना चिकटलेले ओढून सोडवू नका आणि उन्हात वाळवू नका. स्वच्छ पाण्यातून काढून सावलीत, आणि खूपच असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये, नंतर सवडीनं एकेक.

अजिंक्यतारा_सात (सातारा)

ठेवतो की. हार्डडिस्क पाठवा. आम्ही किल्ल्याच्या पायथ्याला, इथं पाणी यायचं म्हणजे सांगली आधीच समुद्रात.

पायपेटी (मिरज)

😂😂

तिसरी_घंटा (सांगली)

ठरलं मग. येत्या रविवारी सकाळी माझ्याकडं, पिना काढायच्या आणि फाईलला नावं द्यायची. कागदवेडी ताई तुम्ही याच. अण्णांना आणायला गाडी पाठवतो. येताना बोथट सुरी आणि वाचायचा चष्मा. नाश्ता आमच्याकडं, पण कागदांजवळ खायचं नाही.

लै_भारी_तासगाव

आमच्या देवळाच्या माळवदावर एक जुना पडदा घावलाय, राजवाड्याचा. उंदरानं एक खांब खाल्लाय आणि सिंहासनावर गळक्याचा डाग हाय, बाकी झकास. टेंपोत घालून आणू का रविवारी?

कागदवेडी

आणा, नक्की आणा! पण घडी करू नका, गुंडाळून आणा, रंग आतल्या बाजूला नको, बाहेरच्या बाजूला. आणि घरात आणायच्या आधी अंगणात पसरून वाळवी आहे का बघू, ट्रंकांजवळ एकदम नको.

लै_भारी_तासगाव

रंग बाहीर. समजलं. टेंपो धा वाजता.